अल्प खर्चात गृहशोभा : उद्योगनगरीतील टाकाऊ साहित्याचा डोळस उपयोग

पवना व इंद्रायणी या नद्यांच्या खोऱ्यातील पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही एके काळी शेतीवर जगणारी गावे. चिंचवडचे नाव मोरया गोसावींच्या समाधीमुळे गणेशभक्तांच्या ओठी होते, तर चाकणचे नाव फिरंगोजी नरसाळा यांनी १६६० मध्ये शाएस्तेखानाच्या फौजेविरुद्ध झुंजविलेल्या भुईकोटामुळे इतिहासात अमर झालेले. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील औषधनिर्मितीचा कारखाना स्थापन झाला आणि या परिसराच्या जीवनाला निराळे वळण लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्यानंतर टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज ऑटो यांसारखे मोठे कारखाने व त्यांना सुटे भाग पुरविणारे असंख्य लघुउद्योग येथे उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. पुढे हीच औद्योगिक वाटचाल नाशिक रस्त्याने चाकणकडे सरकली. कांदा-बटाट्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले चाकण आज मोटार उद्योगाचे देशातील एक प्रमुख केंद्र म्हणून ओळखले जाते.

कारखाना आला की कामगार येतो, आणि कामगाराच्या मागोमाग त्याचे बिऱ्हाड येते. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर या भागांतून, तसेच अन्य राज्यांतूनही, लोक येथे आले व येत आहेत. कामगारांना घरे मिळावीत या हेतूने १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना झाली होती. २०२१ मध्ये ते पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन करण्यात आले. तथापि, नव्याने येणाऱ्या कुटुंबाचा पहिला मुक्काम बहुधा भाड्याच्या एका खोलीतच असतो. या खोलीला थोड्या पैशांत घरपण कसे आणता येईल आणि ते आणताना कोणती सावधगिरी बाळगावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भाड्याची खोली आणि तिची शोभा

गृहसजावट हा सुखवस्तू लोकांचा छंद आहे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. आपल्या खेड्यांतील सारवलेले अंगण, गेरू व चुन्याने रंगविलेली चौकट, दारावरचे आंब्याच्या पानांचे तोरण, उंबऱ्यापुढची रांगोळी ही सर्व गृहसजावटच होय. तिला पैसा लागला नाही. हाताची सवय आणि सणवाराचे निमित्त एवढे पुरले. अडचण येते ती गाव सुटल्यावर. भाड्याच्या खोलीला अंगण नसते. भिंतीला खिळा ठोकण्यास घरमालकाची ना असते. स्वयंपाक, अभ्यास, झोप आणि देवपूजा हे सारे एकाच जागी करावे लागते. शिवाय खोली केव्हा बदलावी लागेल याचाही नेम नसतो. म्हणून येथील सजावटीला तीन अटी पाळाव्या लागतात : ती स्वस्त असावी, घडी घालून ठेवता यावी आणि भिंतीला धक्का न लावता उभी राहावी.

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या सुमारास चाकणनजीकच्या एका गावातील अशाच खोल्यांच्या चाळीत जाण्याचा योग आला. एका खोलीत जुन्या साड्यांचे तुकडे जोडून शिवलेला पडदा टांगून झोपण्याच्या जागेला आडोसा केला होता. रंगांची निवड अशी नेमकी, की क्षणभर पाऊल दारातच थबकले. पडद्यामागे लहान मूल झोपले होते. त्याच्या उशाशी खोक्याच्या फळ्यांचे एक फडताळ होते आणि एका फळीवर काळ्या शाईचा शिक्का होता. कोपऱ्यात निळ्या प्लास्टिकचा पिंप पाण्याने भरून ठेवलेला होता. त्या शिक्क्याचा अर्थ चाळीत कोणालाही ठाऊक नव्हता. प्रस्तुत लेखकालाही तो नंतर विचारपूस केल्यावरच कळला. कौशल्य आणि धोका एकाच खोलीत शेजारी शेजारी नांदत होते, आणि धोका मात्र अनोळखी होता. हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे.

साहित्य कोठून मिळते

या पट्ट्यात सजावटीचे स्वस्त साहित्य चार वाटांनी घरात येते. पहिली वाट कारखान्याची. यंत्रांचे सुटे भाग ज्यांतून येतात ती पन्हळी पुठ्ठ्याची खोकी, पायनच्या लाकडाची खोकी व पॅलेट, पॅकिंगच्या पट्ट्या आणि पिंप हे सारे काम झाले की भंगारात जाते व भंगाराच्या दुकानांतून अल्प किमतीत मिळते. दुसरी वाट बाजाराची. कांदा-बटाट्याच्या गोण्या व सुतळी येथे दुर्मिळ नाहीत. तिसरी वाट बुरुडाची. बांबूच्या कामट्या त्याच्याकडे हव्या त्या लांबीच्या मिळतात. चौथी वाट घरातलीच, म्हणजे जुन्या साड्या, धोतरे, चादरी आणि काचेच्या बरण्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. कारखान्यातील टाकाऊ वस्तू झाली तरी ती कारखान्याची मालमत्ता असते. ती रीतसर परवानगी व गेटपास घेऊनच बाहेर आणावी. क्षुल्लक फळीसाठी नोकरीवर बालंट येणे कोणत्याही कुटुंबाला परवडणारे नाही.

फळी, पिंप, रंग आणि थर्मोकोल : चार परीक्षा

फुकट वा स्वस्त मिळालेली वस्तू निर्दोष असतेच असे नाही. पुढील चार वस्तू घरात आणण्यापूर्वी पारखून घ्याव्यात.

फळी : परदेशी जाणाऱ्या वा तेथून येणाऱ्या मालाच्या लाकडी खोक्यांतून किडींचा प्रसार होऊ नये, म्हणून लाकडावर प्रक्रिया करण्याचा एक आंतरराष्ट्रीय दंडक २००२ मध्ये ठरविण्यात आला. प्रक्रिया केलेल्या लाकडावर गव्हाच्या लोंबीसारखे चिन्ह, देशाचा संकेत व प्रक्रियेची रोमन अक्षरे यांचा शिक्का असतो. 'एच टी' ही अक्षरे असल्यास लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. त्यासाठी लाकडाच्या गाभ्याचे तापमान किमान ३० मिनिटे ५६ अंश सेल्सिअस राखावे लागते. यात रसायनाचा संबंध नसल्याने असे लाकूड घरकामास योग्य होय. 'एम बी' ही अक्षरे असल्यास त्यावर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. वायू कालांतराने उडून जातो हे खरे. तथापि धुरी केव्हा व किती वेळा दिली हे आपणास कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून अशी फळी घरात वापरू नये व चुलीतही जाळू नये. शिक्का नसलेली वा तेल-रसायनांचे डाग पडलेली फळीही वर्ज्य समजावी. वर उल्लेखिलेल्या फडताळावर 'एम बी' हीच अक्षरे होती. अर्थ समजताच त्या गृहस्थांनी ती फळी काढली आणि पुढच्या आठवड्यात शिक्का वाचून दुसरी आणली. माहिती मिळाल्यावर माणूस स्वतःहून योग्य ते करतो, याचे हे साधे उदाहरण आहे.

पिंप : कारखान्यातील निळे पिंप कापून कुंड्या करणे किंवा त्यात पाणी साठविणे हा प्रकार सर्वत्र दिसतो. घातक रसायने ज्यात होती ते रिकामे पिंपही २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार घातक कचराच मानले जाते. प्लास्टिक रसायन शोषून घेते आणि ते धुण्याने पुरते निघत नाही. कोनावर उभ्या केलेल्या चौकोनातील धोक्याचे चिन्ह दिसले किंवा लेबल खरवडलेले आढळले, तर पिंप घेऊच नये. तेलाने माखलेल्या चिंध्यांनाही हाच नियम लागू आहे. त्या धुऊन पायपुसणी करण्याचा मोह टाळावा.

रंग : घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आहे. औद्योगिक वापराच्या रंगांना ही मर्यादा लागू नाही. म्हणून कारखान्यातील उरलेला रंग कितीही चकचकीत असला तरी तो घरातील वस्तूंना, विशेषतः मुलांच्या हाती येणाऱ्या वस्तूंना, लावू नये. शिशामुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर दुष्परिणाम होतो. गेरू, चुना, पिवडी हे आपले जुने रंग स्वस्त आहेत. नपेक्षा घरगुती वापराचा रंग डब्यावरील मजकूर वाचून घ्यावा.

थर्मोकोल : यंत्रांच्या पॅकिंगमधून आलेले थर्मोकोल मखरासाठी वापरण्याची प्रथा बरीच वर्षे होती. राज्य शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक व थर्मोकोलच्या वापरावर निर्बंध आणले, आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर बंदी आहे. थर्मोकोल कुजत नाही, त्याचे कण नाल्यांतून नदीत जातात आणि आग लागल्यास ते झपाट्याने पेटून दाट काळा धूर सोडते. एका खोलीच्या घरात, गॅसच्या शेगडीपासून चार हातांवर, त्याला स्थान नसणेच बरे.

पुठ्ठ्याचे घडीचे मखर

थर्मोकोलची जागा पन्हळी पुठ्ठा उत्तम रीतीने घेऊ शकतो. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये नागमोडी कागद असतो व त्यामुळे लहान लहान पन्हळी तयार होतात. या पन्हळी उभ्या ठेवल्या तर पुठ्ठा वजन पेलतो, आडव्या ठेवल्या तर वाकतो. म्हणून मखराचे खांब कापताना पन्हळी उभ्या येतील असे पाहावे आणि कमान वाकवावयाची असेल तेथे त्या वाकाला आडव्या येतील अशा ठेवाव्यात. मोठ्या यंत्रभागांच्या खोक्यांचा पाच पदरी पुठ्ठा मिळाल्यास अधिक चांगले.

मखर चिकटवून पक्के करू नये, खाचांनी जोडावे. दोन तुकडे एकमेकांत बसवावयाचे असतील, तर एकाला वरून अर्ध्या उंचीपर्यंत व दुसऱ्याला खालून अर्ध्या उंचीपर्यंत खाच द्यावी. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच असावी. सैल झाल्यास मखर डुलते, घट्ट झाल्यास पुठ्ठा चेंगरतो. पाठीमागचा एक पडदा, दोन बाजू व समोरची कमान असे चार तुकडे पुरतात. विसर्जनानंतर ते सुटे करून कॉटखाली ठेवले म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा उपयोगी पडतात. मूर्ती मात्र पुठ्ठ्यावर न ठेवता लाकडी पाटावर ठेवावी.

कागद लावण्यासाठी खळ घरीच करता येते. एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या न राहतील असा कालवावा, चार-पाच वाट्या उकळत्या पाण्यात तो हळूहळू ओतावा आणि खळ पारदर्शक दिसू लागेपर्यंत मंद आचेवर ढवळावे. कसर लागू नये म्हणून जिल्दसाज खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असल्याने घरात लहान मुले असतील तर ते टाळावे व दोन दिवसांपुरतीच ताजी खळ करावी. पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना कागद चिकटवावा. एकाच बाजूस चिकटविल्यास वाळताना कागद आकसतो आणि पुठ्ठा त्या बाजूस वळतो.

रंगासाठी गेरूचा हात देऊन त्यावर तांदळाच्या पिठाने नक्षी काढल्यास मखराला वेगळेच तेज येते. पालघर भागातील वारली स्त्रिया झोपडीच्या भिंतीवर याच दोन पदार्थांनी आणि बांबूच्या काडीने लग्नाचा चौक लिहीत आल्या आहेत. त्या परंपरेतील जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. साधन किती साधे आणि कला किती मोठी, हे यावरून लक्षात यावे. तांदळाच्या पिठात किंचित डिंक घातल्यास ते झडत नाही.

फळ्यांची घडवंची

पूर्वी प्रत्येक घरात पाण्याचे हंडे ठेवण्यासाठी घडवंची असे. भिंतीला खिळा न लावता उभे राहणारे हे आपले जुने फडताळच होय. 'एच टी' शिक्क्याच्या फळ्यांपासून दोन खणांची घडवंची एका दिवसात होते. फळ्यांतील जुने खिळे प्रथम जंबुराने काढून घ्यावेत. गंजलेला खिळा लागल्यास जखम धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी डॉक्टरांना विचारावे. नंतर पॉलिश पेपरने फळी घासावी. आधी जाड्या दाण्याचा, मग बारीक दाण्याचा कागद वापरावा आणि नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासावे. घासताना नाकातोंडावर फडके बांधावे.

चार पाय, दोन आडव्या चौकटी आणि पाठीमागे एक तिरपी पट्टी एवढी बांधणी पुरे. ती तिरपी पट्टी वगळू नये. चौकोन ढळतो, त्रिकोण ढळत नाही. तिरपी पट्टी चौकोनाचे दोन त्रिकोण करते व त्यामुळेच घडवंची डुगडुगत नाही. वर जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला की लाकडाचा पिवळसर रंग खुलतो. या तेलाने भिजलेली चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते व चुरगळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती उघड्यावर पसरून वाळवावी वा पाण्यात भिजवून टाकावी.

गोधडी, आडोसा व पायपुसणे

आपल्या स्त्रियांच्या हातची सर्वांत मोठी गृहकला गोधडी ही होय. जुन्या सुती साड्या व धोतरे यांचे तीन ते पाच थर एकावर एक अंथरून, कच्चे टाके घालून, नंतर काठापासून आत येत धावदोरा घालीत जावे. टाका सर्व थरांतून गेला पाहिजे. थरांमध्ये अडकून राहिलेली हवा ऊब देते आणि टाके थर सरकू देत नाहीत. वरचा थर निरनिराळ्या तुकड्यांचा केल्यास तीच गोधडी दिवसा पलंगपोस म्हणून शोभते. दोनच थरांची, हलकी अशी गोधडी केल्यास तिचा आडोसा होतो. दोरी बांधण्यास खिडकीचे गज असतातच.

कापड निवडताना सुती व कृत्रिम धाग्याचे कापड वेगळे करावे. कृत्रिम धाग्याची साडी दिसावयास सुंदर असते, परंतु पेटली असता वितळून अंगाला चिकटते. तिचा पडदा शेगडीच्या बाजूस कधीही लावू नये. शंका असल्यास एक सूत काढून, मोठ्या माणसाने, चिमट्यात धरून जाळून पाहावे. सुती धाग्याची मऊ राख होते, कृत्रिम धाग्याची कडक गोळी बनते.

उरलेल्या तुकड्यांच्या दोन बोटे रुंद पट्ट्या फाडून त्यांची तिपेडी वेणी घालावी आणि ती गोल गुंडाळीत शेजारच्या फेऱ्याशी शिवत जावे. त्याचे सुरेख पायपुसणे होते. शिवताना काम मांडीवर न घेता जमिनीवर सपाट ठेवावे. वेणी ओढून घेतल्यास पायपुसण्याची टोपली होते, असा नवशिक्यांचा अनुभव आहे.

ज्या घरांत मुलांच्या वह्या, विजेची बिले, शिधापत्रिका व औषधांच्या चिठ्ठ्या सर्वत्र पसरलेल्या असतात, तेथे गोणपाटाचे कप्पे फार उपयोगी पडतात. गोणी स्वच्छ धुऊन वाळवावी, तिचा दोन हात लांबीचा तुकडा कापून कडा दुमडून शिवाव्यात व त्यावर जुन्या साडीच्या काठाचे चार-पाच खिसे लावावेत. वरच्या दुमडीत बांबूची कामटी सारून सुतळीने ते दाराच्या कडीला किंवा खिडकीच्या गजाला अडकवावे. घर नीटनेटके दिसणे ही सजावटीची पहिली पायरी आहे.

आकाशकंदील : घरात व वर्गात

दिवाळीचा आकाशकंदील घरी करण्याची पद्धत अद्याप लोपलेली नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. सारख्या लांबीच्या २४ कामट्या घ्याव्यात. वीस सेंटिमीटर लांबी सोयीची पडते. १६ कामट्यांचे चार चौकोन दोऱ्याने बांधावेत. प्रत्येक चौकोन एका कोनावर उभा धरून त्याचे बाजूचे कोन शेजारच्या चौकोनांच्या कोनांशी जोडावेत, म्हणजे चार चौकोनांचे कडे तयार होते. आता वर आलेली चार टोके चार कामट्यांनी एकमेकांस जोडली की वरचा चौकोन होतो, आणि खालची चार टोके तशीच जोडली की खालचा. सहा चौकोन व आठ त्रिकोण असलेला सांगाडा सिद्ध झाला.

हा सांगाडा प्रथम हातात डुलेल. त्याने खचून जाऊ नये. बाजूंचे चार चौकोन व आठ त्रिकोण यांवर पतंगाचा कागद ताणून चिकटविला की तो ताठ होतो. वरचा व खालचा चौकोन मोकळा ठेवावा, म्हणजे उष्ण हवा बाहेर पडते. खाली कागदाच्या झिरमिळ्या लावाव्यात. आत मेणबत्ती वा पणती न लावता कमी वॅटचा एलईडी दिवा लावावा. दिव्याची वायर अखंड असावी, मध्येच पीळ देऊन जोडलेली नसावी.

गणिताच्या शिक्षकांना हा कंदील विशेष उपयोगी वाटेल. त्याला १२ शिरोबिंदू, २४ कडा व १४ पृष्ठे असतात. शिरोबिंदूंतून कडा वजा करून पृष्ठे मिळविली की उत्तर २ येते. ऑयलर या गणितज्ञाच्या नावाने प्रसिद्ध असलेले हे सूत्र विद्यार्थ्यांनी पुस्तकात वाचण्याऐवजी स्वतः बांधलेल्या कंदिलावर मोजून पाहिले, तर ते विसरणे कठीण.

शाळा, ग्रामपंचायत व बचत गट यांचे कार्य

वरील माहिती ज्या कुटुंबांना सर्वाधिक उपयोगी आहे, त्यांच्या हाती ती सहजासहजी पोहोचत नाही. भाडेकरू कुटुंब गावात नवे असते. ग्रामसभेस ते क्वचितच जाते. येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांचे सहकार्य मोलाचे ठरेल.

कोठारी आयोगाने १९६४–६६ मध्ये शालेय शिक्षणात कार्यानुभवाचा आग्रह धरला होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा असावी व त्या काळात स्थानिक कारागिरांकडून त्यांनी काही शिकावे, अशी कल्पना मांडली आहे. नाणेकरवाडी, खराबवाडी, म्हाळुंगे, कुरुळी यांसारख्या कारखान्यांनी वेढलेल्या गावांतील शाळांना सुतार, बुरूड व गोधडी शिवणाऱ्या माता शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. एखादा दिवस केवळ खोक्यांवरील शिक्के व पिंपांवरील चिन्हे वाचण्यास दिला, तरी विद्यार्थी ते ज्ञान संध्याकाळी घरी नेतील.

ग्रामपंचायतीने 'एच टी' व 'एम बी' या शिक्क्यांची मोठी चित्रे कार्यालयाच्या फलकावर लावावीत आणि नियमित ग्रामसभेपूर्वी भरणाऱ्या महिलांच्या सभेत त्यांचा अर्थ सांगावा. भाडेकरू स्त्रियांना त्या सभेस आवर्जून बोलवावे. महिला बचत गटांना गोधडी, पायपुसणी, गोणपाटाचे कप्पे व घडीची मखरे यांतून पूरक उत्पन्न मिळू शकेल. विक्रीसाठी वस्तू करताना साहित्याची पारख अधिकच काटेकोर हवी, कारण आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात जाते. कारखान्यांनीही स्वच्छ पुठ्ठा व 'एच टी' शिक्क्याच्या फळ्या वेगळ्या काढून त्या शाळांना व गटांना रीतसर दिल्या, तर कचऱ्याचा भार हलका होईल.

परगावी आलेले कुटुंब आपल्या खोलीत गोधडीचा आडोसा टांगते, दारात कंदील लावते, तेव्हा ते त्या गावात रुजू लागलेले असते. त्याच्या हातात कला आहेच. साहित्य ओळखण्याची दृष्टी त्यास देणे हे आपणा सर्वांचे काम आहे. येत्या गणेशोत्सवापूर्वी आपल्या गावातील निदान एका शाळेत व एका चाळीत खोक्यावरचा शिक्का कसा वाचावा हे दाखविले गेले, तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.